कानाचं मशीन: पंचेचाळीस हजारांचं की सव्वादोन लाखांचं?

धरणगावकर | ३ एप्रिल, रात्री १०:१५

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अप्पा, वय ७१. तीस-बत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. हंगामात रात्री घरी आले की पहिला अर्धा तास आमच्याशी ओरडूनच बोलायचे. आम्हा पोरांना वाटायचं, आज कुणाचं काही खरं नाही. ते रागावलेले नसायचे, कान बसलेले असायचे, हे आत्ता कळतंय.

चार-पाच वर्षांपासून ऐकणं कमी झालंय. हाक मारली तर लगेच ‘ओ’ देतात, पण पुढचं भलतंच ऐकतात. परवा आई म्हणाली, “साखर आणा.” अप्पा म्हणे, “भाकर खाल्ली की आत्ताच.” त्यांचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यात: “माले आयकू येस, समजस नही.”

गेल्या आठवड्यात जळगावला तपासणी केली. मळ नाही, पडदा ठीक. नस कमजोर म्हणाले. आलेख असा (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची; डेसिबल जितके जास्त, तितकं ऐकणं कमी): २५० हर्ट्झला २५ डेसिबल, ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ६०, ४००० ला ७५, ८००० ला ७०. दोन्ही कान जवळपास सारखेच. शांत खोलीत शब्द ओळखायची चाचणी ७६ टक्के.

तिथेच मशीनची दोन कोटेशनं मिळाली. साधं डिजिटल, जोडी पंचेचाळीस हजार. दुसरं ‘एआय’वालं, चार्जिंगचं, ब्लूटूथचं, जोडी सव्वादोन लाख. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “साध्यात आवाज ऐकू येईल, यात शब्द ऐकू येतील.” वाक्य इतकं बेमालूम होतं की मी खिशात हातच घालणार होतो. अप्पांनीच थांबवलं. म्हणाले, “एवढ्यात बैलजोडी येईल.”

प्रश्न असा की महागाचं मशीन खरंच जास्त ऐकवतं, हे कुणी मोजलंय का? जाहिरात नको, मोजमाप सांगा. पैशाची सोय होईल, पण पाण्यात जायला नकोत.

भुसावळ_जंक्शन | ३ एप्रिल, रात्री ११:०२

मी रेल्वेतून रिटायर. इंजिनावर आयुष्य गेलं, कान गेले त्यात नवल नाही. सहा वर्षांपूर्वी एक लाख दहा हजारांचं मशीन पोरानं घेऊन दिलं. सध्या ते कपाटाच्या खणात आहे. सोबतीला जुनी चिल्लर आणि सौ.चा तुटलेला चष्मा.

का म्हणाल? स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. पंख्याचा आवाज मोठा, माणसाचा तेवढाच. दोनदा दुकानात गेलो. “होईल सवय काका” म्हणाले. सवय झाली, पण ती न घालण्याची.

माझं मत, पंचेचाळीस हजारांचंही घेऊ नका. अप्पांच्या समोर बसून बोला, फुकट आहे.

ध्वनिलहरी | ४ एप्रिल, सकाळी ७:३०

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, धुळ्यात. मशीन विकत नाही, तपासणी आणि बसवणं करते. तरी माझं बोलणं पारखूनच घ्या.

दादा, आधी अप्पांच्या वाक्याबद्दल. त्यांनी आजाराचं वर्णन आमच्या पुस्तकापेक्षा बरं केलंय. आलेख बघा. खालच्या सुरांत त्यांचा कान जवळजवळ शाबूत आहे, वरच्या सुरांत ढासळलाय. बोलण्यातला दणका स्वरांत असतो, आ, ओ, ए. तो खालच्या पट्टीत बसतो. अर्थ मात्र व्यंजनांत असतो, आणि स, श, त, थ, फ, ख ही मंडळी वरच्या पट्टीत, तीही दबक्या आवाजात. म्हणून ‘साखर’मधला स गळाला, ‘आ-अर’ उरलं, आणि मेंदूनं जेवणाच्या वेळेला शोभेल अशी ‘भाकर’ भरून टाकली.

रिपोर्टवर सरासरी किती लिहिलीय? ५००, १००० आणि २००० एवढेच धरले तर ४३ येते. ४००० सुद्धा धरला तर ५१. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत चार सुरांची सरासरी धरतात, आणि ५० च्या पुढे मध्यम-तीव्र गट सुरू होतो. कान तोच, गट बदलला. जिनिंगवाल्या कानाचं नुकसान ४००० च्या आसपासच जास्त असतं, त्यामुळे तीन सुरांची सरासरी अशांना फसवते.

आता मोजमाप. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी नेमका तुमचाच प्रश्न घेतला. दोन मोठ्या कंपन्यांची साधी आणि भारी मशीनं, चारही एकेक महिना त्याच माणसांना वापरायला दिली. कुठलं कुठलं ते त्यांना सांगितलं नाही. २०१४ च्या निबंधात २५ जण, २०१६ च्यात ४५. फायदा चारही मशीननं झाला, पण शब्द समजण्यात किंवा रोजच्या जगण्यात भारी मशीन साध्याच्या पुढे गेल्याचं दिसलं नाही.

आयोवा विद्यापीठात ५४ ज्येष्ठांवर असाच अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गंमत अशी की प्रयोगशाळेत भारी मशीन खरंच पुढे होतं. गोंगाटात समोरून येणारं बोलणं जास्त समजत होतं. पण तीच माणसं घरी, बाजारात फिरत असताना मोबाइलवर वेळोवेळी प्रश्न विचारले, तेव्हा हा फरक विरघळला. प्रयोगशाळेत बोलणारा कायम समोर असतो. घरात सून मागच्या ओट्याजवळून बोलते.

@भुसावळ_जंक्शन काका, मडक्याची तक्रार मशीनची नाही, कानात बसणाऱ्या रबरी टोपीची आहे. खालचे सूर शाबूत असताना कान गच्च बंद केला की स्वतःचा आवाज आतच घुमतो. भोकं असलेली उघडी टोपी लावली असती तर बहुतेक खणापर्यंत वेळ आली नसती. तुमचा आलेख पाहिल्याशिवाय याहून ठाम बोलत नाही.

कपाशी | ४ एप्रिल, दुपारी १:१०

मूळ चोपड्याचा, सध्या पुण्यात आकडेमोडीच्या नोकरीत. ताईंच्या प्रतिसादाला +१, पण एक फट राहतेय.

मेम्फिस आणि आयोवाचे अभ्यास ज्या मशीनवर झाले ती आजची नाहीत. तेव्हाची गोंगाट कमी करायची पद्धत म्हणजे पंख्यासारखी एकसुरी घरघर ओळखून तेवढी पट्टी दाबायची. बोलण्यामागे दुसरं बोलणं असलं की ती हात टेकायची, कारण दोन्ही बोलणीच. आताच्या मशीनमध्ये लाखो नमुन्यांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क असतं. ओटिकॉन कंपनीनं २०२१ ला ‘मोर’ आणलं, फोनॅक कंपनीनं २०२४ ला ‘स्फिअर’मध्ये त्याच कामासाठी वेगळी चिप घातली. हे जुन्याच गोष्टीचं नवं वेष्टन नाही, तंत्र खरंच वेगळं आहे. तेव्हा २०१६ चा निकाल आजच्या मशीनला जसाच्या तसा लावणं बरोबर नाही.

पण म्हणून काउंटरवरचा मुलगा बरोबर ठरत नाही! माहितीपत्रकातले आकडे बहुतेक कंपनीच्याच प्रयोगशाळेतले, समोर बोलणारा, चहूबाजूंनी गोंगाट, अशा ठरीव मांडणीतले. आयोवानं दाखवलं तेच, की तिथला विजय घरापर्यंत पोचेलच असं नाही. आणि शब्द ऐकणारी ती चिप बॅटरीही दाबून खाते.

आणखी एक अभ्यास सांगतो, मला फार आवडतो. इंडियाना विद्यापीठ, लॅरी ह्यूम्स, २०१७. ५५ ते ७९ वयाच्या १५४ जणांचे तीन गट. पहिल्याला तज्ज्ञानं मापून बसवलेलं मशीन, दुसऱ्यानं तयार मशीनमधून स्वतःच निवडायचं, तिसऱ्याला दिसायला तेच मशीन पण आवाज न वाढवणारं. कुणाला काय मिळालं ते त्यांना ठाऊक नाही. शिवाय निम्म्यांकडून जोडीचे ३६०० डॉलर घेतले, निम्म्यांकडून ६००. सहा आठवड्यांनी पाहिलं तर जास्त पैसे मोजले म्हणून कुणाला जास्त फायदा झाला नव्हता. मशीन विकत ठेवाल का, याला तज्ज्ञवाल्या गटात ८१ टक्के हो म्हणाले, स्वतः निवडणाऱ्यांत ५५. आणि आवाज न वाढवणारं मशीन घातलेल्यांतही ३६ टक्के हो म्हणाले!

म्हणजे तीनातला एक जण बंद मशीनवर खूश. म्हणून दुकानात दहा मिनिटं घालून “वा, काय ऐकू येतंय” म्हणण्याला शून्य किंमत द्या.

गिरणामाई | ४ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

वाचतेय. आईच्या वेळचा एक अनुभव, कदाचित कामाला येईल.

आमच्या आईला शब्दचाचणीत ६४ टक्के मिळाले. डॉक्टर म्हणाले, नस फारच खराब, मशीनचा उपयोग बेताचाच. दुसऱ्यांदा मी आत बसले. कानात रेकॉर्डिंग लागतं, ऐकलेला शब्द परत म्हणायचा. रेकॉर्डिंग म्हणालं ‘केळी’. आई म्हणाली ‘केयी’. तपासणाऱ्या मुलीनं फुली मारली. ‘शाळा’ आलं, आई म्हणाली ‘शाया’. पुन्हा फुली.

मुलगी बाहेरगावची, बिचारीला काय माहीत! जन्मभर अहिराणी बोललेल्या बाईच्या तोंडात ळ कुठून येणार? आईला बरोबर ऐकू आलं होतं, ती फक्त आपल्या जिभेनं सांगत होती. मी उठून सांगितलं. यादी पुन्हा घेतली, ७६ झाले.

धरणगावकर | ४ एप्रिल, रात्री ८:२०

गिरणामाई, तुम्हाला साष्टांग! मी अप्पांजवळ बसलो होतो. ‘फळ’ला ‘फय’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणाले होते, हे मला शंभर टक्के आठवतंय. आम्ही घरात तसंच बोलतो, त्यामुळे मला खटकलंही नाही. यादी २५ शब्दांची होती.

ध्वनिलहरी | ४ एप्रिल, रात्री ९:०५

म्हणजे एका शब्दाला ४ टक्के. ७६ चे ८४ झाले. हा फरक लहान नाही. आवाज पुरेसा मोठा केल्यावर शांततेत किती शब्द कळतात, यावरून मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरतं. आतल्या पेशीच मेल्या असतील तर कुठलीही चिप त्या परत आणत नाही. तुमच्या अप्पांच्या बऱ्याच शिल्लक आहेत. मीही धुळ्यातच काम करते, तरी सुरुवातीला हीच चूक माझ्याकडूनही झालीय.

आता मुद्द्याचं, कोटेशनवर जे कधीच नसतं ते. कुठलंही मशीन घ्या, ते कानात घातल्यावर पडद्याजवळ आवाज प्रत्यक्ष किती पोचतो, हे मोजायला सांगा. कानाच्या नळीत केसासारखी बारीक मऊ सिलिकॉनची नळी सरकवतात, वर मशीन बसवतात, समोरच्या स्पीकरवर बोलणं लावतात आणि संगणकाच्या पडद्यावर रेघ उमटते. त्या आलेखाच्या माणसाला कुठल्या सुरात किती आवाज हवा, याची ठरीव मापं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल२ त्यातलं सर्वांत प्रचलित. रेघ मापाला लागेपर्यंत मशीन फिरवायचं. याला आम्ही ‘रिअल इअर’ म्हणतो.

कंपनीचं सॉफ्टवेअर आलेख भरला की आपोआप आवाज बसवून देतं. ते सरासरी कानाच्या हिशेबानं असतं. कानाची नळी कुणाची अरुंद, कुणाची ऐसपैस, तेच मशीन दोघांच्या पडद्याजवळ वेगळा आवाज देतं. शिवाय कंपन्या वरचे सूर सुरुवातीला हात राखूनच देतात. कारण साधं आहे, वरचे सूर एकदम दिले की माणूस “कर्कश आहे” म्हणून परत करतो. कमी दिले की “छान, मऊ आहे” म्हणतो आणि घेऊन जातो. पण अप्पांचे स, श, त नेमके तिथेच आहेत. सव्वादोन लाखांचं मशीन न मोजता बसवलं तर ‘साखर’ची ‘भाकर’च राहणार, फक्त ब्लूटूथवरून येणार.

मेहरूणकर | ५ एप्रिल, सकाळी ९:१५

मधेच घुसतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोषाची मशीनं चिठ्ठीशिवाय काउंटरवर विकायला परवानगी आहे. २०२४ ला तिथल्या एफडीएनं (औषध प्रशासनानं) ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ या इअरफोनच्या श्रवणयंत्र-सुविधेलाही मान्यता दिली. मग एवढ्या उठाठेवीपेक्षा ते नाही का चालणार? नाहीतर ऑनलाइन पंधराशेत मिळतं ते?

ध्वनिलहरी | ५ एप्रिल, सकाळी १०:४०

एअरपॉड्स सौम्य ते मध्यम दोषासाठी आहेत. ४००० ला ७५ म्हणजे अप्पा त्या पायरीच्या पलीकडे. पन्नाशीतल्या, नुकतंच कमी ऐकू येऊ लागलेल्या माणसानं जरूर विचार करावा. पंधराशेवालं मात्र नको. ते सगळे सूर सारखेच वाढवतं. या कानांची अडचण अशी की हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जरा मोठ्यानं बोललं की “ओरडता कशाला” म्हणतात. ऐकू येणं आणि सहन न होणं यातली जागाच आकसलेली असते. चांगलं मशीन दबका आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी. हे काम आता साध्या डिजिटल मशीनलाही येतं, आणि अर्धा फायदा त्यातच आहे.

धरणगावकर | २२ एप्रिल, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. बरंच पाणी वाहून गेलं.

आधी फोनाफोनी. पाच ठिकाणी विचारलं, “रिअल इअर करता का?” दोघांनी विचारलं, म्हणजे काय. दोघं म्हणाले, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होतं. एकानं म्हटलं, करतो, पाऊण तास लागेल, वेगळे पैसे पडतील. तिथे गेलो. पंधरा दिवस दोन्ही मशीनं आळीपाळीनं घरी न्यायची परवानगी मिळाली, डिपॉझिट ठेवून.

पहिला आठवडा मुद्दाम न मोजता, सॉफ्टवेअरनं बसवलं तसंच ठेवलं. कपाशीभाऊंची ३६ टक्केवाली गोष्ट डोक्यात होती, म्हणून अप्पांना किमतीचा पत्ता लागू दिला नाही. दोन्हींचा रंग आणि आकार जवळपास सारखा. चार्जिंगला रोज मीच लावायचो.

चाचणी अशी. माझी दहावीतली मुलगी रोज नवी वीस वाक्यं काढायची, घरातल्या बोलण्यातलीच. “शेंगदाणे कुटून ठेवले का?” “काकांची पॅसेंजर चुकली.” ती दोन मीटरवर स्वयंपाकघराच्या दारात, अप्पा खाटेवर, कूलर सुरू. एप्रिलात आमच्याकडे कूलर बंद करून चाचणी घेणं म्हणजे अप्पांचीच परीक्षा झाली असती. वाक्य जसंच्या तसं म्हटलं तर एक गुण. अहिराणीत म्हटलं तरी गुण पूर्ण.

मशीनशिवाय वीसात ७. साधं मशीन १२. एआयवालं १३.

दुसरा प्रकार: मोबाइलवर दोन आत्यांच्या गप्पांचं रेकॉर्डिंग, त्यावर वाक्यं. (रेकॉर्डिंग आत्यांना न सांगता केलंय, कृपया इथेच राहू द्या.) साधं ८, एआय १०.

मग दुसऱ्या आठवड्यात मोजून घेतलं. पडद्यावर रेघ उमटली तेव्हा मीही बघत होतो. ४००० ला साधं मशीन मापापेक्षा १२ डेसिबल खाली! भारीही १० नं खाली. दोन्ही वर आणली, टोपीही बदलली. घरी येऊन परत वाक्यं घेतली. कूलरमध्ये साधं १६, एआय १६. आत्यांच्या गप्पांत साधं ११, एआय १३.

अप्पा मात्र पहिले तीन दिवस वैतागले. पेपर चाळला की पत्रा वाजल्यासारखा, कपबशी ठेवली की दचकायचे, आणि आईनं फोडणी घातली की म्हणे कढई माझ्या कानात ठेवलीय का?

कपाशी | २३ एप्रिल, सकाळी ८:००

भाऊ, तुम्हाला मानलं! पण आकडेवाला आहे म्हणून सांगतोच. वीस वाक्यांत एक-दोनचा फरक म्हणजे काहीच नाही. मुलीनं एखादं वाक्य जरा जोरात म्हटलं तरी तेवढं होतं. ७ चे १२ आणि १२ चे १६ मात्र बोलके आहेत. त्यातही पंधरा दिवसांत अप्पा चाचणीला आणि मशीनला सरावले असणार. चारांतला थोडा वाटा त्या सरावाला द्या.

गप्पांत दोन्ही वेळा एआय दोननं पुढे राहिलं, तेही मी फेकून देणार नाही. अजून तीन-चार दिवस फक्त तोच प्रकार घ्या. मुलीलाही कुठलं मशीन आहे ते कळता कामा नये.

तोरणमाळ | २३ एप्रिल, दुपारी २:३०

शिक्षक आहे, नंदुरबार. आमच्या इथल्या एका शिबिरात “मशीन घ्या नाहीतर स्मृतिभ्रंश होईल” असं सांगून मशीनं खपवत होते. यात तथ्य किती?

ध्वनिलहरी | २३ एप्रिल, रात्री ९:५०

सर, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७० ते ८४ वयाचे ९७७ जण, तीन वर्षं. निम्म्यांना मशीन आणि कानाची पूर्ण सेवा, निम्म्यांना आरोग्यविषयक माहितीचे वर्ग. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे आशा आहे, पण ती भीती घालून विकण्याइतकी पक्की नाही. मशीन घ्यायचं ते नातवंडांचं बोलणं कळावं म्हणून.

शिबिराचा विषय निघालाच आहे तर: राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मशीन मिळतं, आणि राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, उत्पन्नाची अट बसली तर, साधनांसाठी ३००० रुपये खात्यात येतात. तीन हजारांत जोडी येत नाही, पण सेलचा खर्च निघतो. शिबिरातलं मशीनही टाकाऊ नसतं, फक्त वाटल्यावर ते कुणी कानाला जुळवून देत नाही. ते घेऊन जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे जा.

आणि एक, मशीनशी संबंध नसलेलं. एखाद्या दिवशी अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर मशीनच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. त्यात उशीर झाला की ऐकणं परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

धरणगावकर | ११ मे, रात्री १०:००

उशिराबद्दल माफी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी आल्या होत्या, घर भरलेलं होतं. अस्सल गोंगाट आयताच मिळाला. आत्यांचं रेकॉर्डिंगही लागलं नाही, आत्याच हजर.

कपाशीभाऊंनी सांगितलं तसं चार दिवस फक्त गप्पांतली चाचणी घेतली. मशीनं भाच्यानं बदलली, मुलीलाही माहीत नाही. साधं: १२, १०, १३, ११. एआय: १३, १२, १२, १४. बेरीज ४६ आणि ५१, ऐंशीपैकी. म्हणजे थोडं आहे. अप्पांना मी किंमत न सांगता विचारलं, दोन्हींत कुठलं ठेवू? म्हणाले, “तो तांबडा ठिपका शे ना, त्यात जरा मोकयं वाटस.” तांबडा ठिपका एआयवाल्यावर होता.

मग ताईंनी फोनवर सांगितलेला तिसरा पर्याय करून बघितला. साधं मशीन, पण सोबत छोटा बाहेरचा माइक. बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा, आवाज बिनतारी थेट मशीनमध्ये येतो. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, हे शाळेत शिकलो होतो, उपयोग आत्ता कळला. माइक तोंडापासून वीतभर, मग मधला गोंगाट येणार कुठून? त्याच भरल्या घरात, मुलीच्या गळ्यात माइक, अप्पांना वीसात १८. दुसऱ्या दिवशी १९.

रामाच्या मंदिरात कीर्तन होतं. महाराजांना विनंती केली, त्यांनी हसत माइक हार्मोनियमवाल्याजवळ ठेवायला सांगितला. तिथे चूक झाली. हार्मोनियम एवढी दणदणली की अप्पांनी मशीन काढून खिशात टाकलं. पुढच्या वेळी महाराजांच्या उपरण्याला लावला, तेव्हा उत्तररंगातला विनोद कळून अप्पा सगळ्यांच्या बरोबर हसले. एरवी दोन सेकंद मागून हसायचे.

शेवटी घेतलं काय? साधंच, पण एक पायरी वरचं, चार्जिंगचं. अप्पांची बोटं फिटरची, तो मसुराएवढा सेल त्या बोटांत धरवेना, दोनदा खाटेखाली शोधला. जोडी बासष्ट हजार, माइक अठरा, मोजणीचे वेगळे. चिपवाल्याचं ते ‘मोकयं’ मी विसरलो नाहीये. अप्पा रोज दहा माणसांत, बैठकांत बसणारे असते तर कदाचित तेच घेतलं असतं. पण त्यांचं जग म्हणजे आई, नात, ओटा आणि एकादशी.

काल मोजणीच्या ठिकाणी परत बोलावलं होतं. मशीन रोज किती तास घातलं, ते आत नोंदलं जातं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अप्पा ठामपणे म्हणाले, सकाळपासून झोपेपर्यंत. पडद्यावर आलं: सरासरी साडेसहा तास. अप्पांनी शांतपणे विचारलं, “हाई चुगलखोर पन आपलाच पैसामा ऊनं का?”

गिरणामाई | ११ मे, रात्री १०:२५

😄 साडेसहा तास भरपूर झाले. उन्हाळ्यात घामाचं बघा. रात्री झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकून मशीन ठेवा. मशीन चार्जरवरच रात्रभर राहत असेल तर सकाळी आंघोळीच्या वेळी तरी डबीत. आईचं एक मशीन मे महिन्यातल्या घामानंच गेलं होतं.

मेहरूणकर | ११ मे, रात्री १०:४०

तव्याजवळ आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका हेही जोडा. आमच्या काकांनी डॅशबोर्डवर ठेवलं, जळगावचं ४५ डिग्री, टोपी वितळून नळीला चिकटली.

भुसावळ_जंक्शन | १२ मे, सकाळी ६:१०

महिनाभर गुपचूप वाचतोय. काल सौ. म्हणाल्या, धरणगावचे अप्पा कीर्तनात हसले म्हणे, तुम्ही कधी हसणार?

खण उघडला. मशीन आहे, चष्माही आहे. धरणगावकर, ते मोजणीवाल्यांचं ठिकाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ताई, सहा वर्षं पडलेलं मशीन चालू होतं का हो?

ध्वनिलहरी | १२ मे, सकाळी ७:०५

बहुतेक होतं काका. आत जुना सेल राहिलाय का ते आधी बघा, गंजला असेल तर काही घासू नका, तसंच घेऊन जा. टोपी आणि जाळी नवी लागेल. आणि आलेख नव्यानं काढा, सहा वर्षांत कान तिथंच राहिलेला नसतो.

धरणगावकर | १२ मे, सकाळी ७:२०

व्यनि केलाय काका. शुक्रवारी मीही जातोय अप्पांना घेऊन, जळगाव स्टेशनवर भेटू. सेल मी आणतो. सेलवरचं स्टिकर कुठल्या रंगाचं होतं, आठवतं का?

भुसावळ_जंक्शन | १२ मे, सकाळी ७:२६

तपकिरी.

धरणगावकर | १२ मे, सकाळी ७:२८

म्हणजे ३१२ नंबर. आणतो. स्टिकर काढल्यावर चार-पाच मिनिटं हवा लागू द्यायची असते, घाईत लगेच घालू नका.